ठिपक्यांना नावं नसतात

नाना,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. रडायला नाही, रडून तेव्हाच झालं. आज मला राग आलाय. ज्यांच्यावर तो काढायला हवा ते एकतर माझे वरिष्ठ आहेत, नाहीतर इतके साधे आहेत की त्यांच्यावर रागावणं म्हणजे पाप. उरलात तुम्ही. तुम्हाला आता उलट बोलता येत नाही, हा तुमच्या सध्याच्या परिस्थितीचा मोठाच फायदा आहे. हयात होतात तेव्हा तुमच्यापुढे कुणाचं वाक्य पुरं झालं होतं?

काल सटाण्याला कार्यक्रम होता. तिथे मी काय करून बसले ते सांगण्याआधी थोडं मागचं सांगावं लागेल, कारण ते सगळं तुम्ही गेल्यानंतरचं आहे. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते, एवढं तुम्हाला ठाऊक होतं. चार वर्षांपूर्वी एका मोठ्या संशोधन संस्थेनं मला त्यांची इकडची समन्वयक नेमलं. माणूस मुळात कुठून निघाला, कुठल्या वाटांनी इथवर आला, वाटेत कोण कुणात मिसळलं, हे आजच्या माणसांच्या थुंकीतून वाचायचं, असं ते काम. हो, थुंकीतून. तुमचा चेहरा मला इथून दिसतोय. थुंकीत आपल्या अंगातल्या पेशी असतात, त्या पेशींत आईबापांकडून आलेला मजकूर असतो, आणि त्यांना तो त्यांच्या आईबापांकडून आलेला असतो. पुष्कळ माणसांचा मजकूर एकमेकांशी ताडून पाहिला की हजारो वर्षांमागचं काही काही कळतं. सटाण्याजवळचं एक गाव आणि मालेगावातला यंत्रमागवाल्यांचा एक मोहल्ला, अशा दोन ठिकाणचे नमुने हवे होते. लोकांना समजावून सांगायचं, संमतीच्या कागदावर सही किंवा अंगठा घ्यायचा, आणि निष्कर्ष हाती आले की परत जाऊन ते त्यांना सांगायचे, हे माझ्याकडे. यातलं शेवटचं खरंच करायचं असतं, हे माझ्याशिवाय कुणाच्या गावीही नव्हतं.

नळीत थुंकण्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही, असा नियम. हा ज्यानं केला तो इकडे सटाण्याच्या बागलाणात कधी कुणाच्या ओट्यावर बसलेला नसणार. दारात पाऊल टाकलं की चहा. नको म्हटलं तर अपमान, आणि स्वतः पिऊन त्यांना ‘तुम्ही पिऊ नका’ म्हणायचं तर मी कोण मोठी लागून गेले? बायकांच्या दातांना मिशरी, पुरुषांच्या गालात तंबाखू. चूळ भरा म्हटलं की हसायचे. एक आजोबा म्हणाले, ‘थुकाले सांगाकरता इतल्या दूरथीन उनात का तुम्ही?’ दोन दिवसांत एक नळी भरली नाही. संस्थेनं दिलेलं माहितीपत्रक मराठीत होतं म्हणे. ‘जनुकीय वैविध्याचा प्रागैतिहासिक मागोवा’ याला मराठी म्हणत असतील तर होतं. तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसून मी ते पत्रक पिशवीत कोंबलं आणि म्हणाले, ‘तुम्ही अस्थी घेऊन नाशिकला जाता ना? तिथे उपाध्यांकडे वही असते, गाव आणि आडनाव सांगितलं की तुमच्या पणज्याचं नाव काढून दाखवतात? ही तशीच वही आहे. फक्त फार मागे जाणारी. आणि त्या वह्या सांभाळणाऱ्याचीच मी मुलगी आहे.’

झालं. माणसं उठून नळाकडे चुळा भरायला गेली. दुपारपर्यंत माझ्याजवळच्या नळ्या संपल्या. रामकुंडावर तुम्ही जन्मभर ‘गाव कोणतं, आडनाव काय’ विचारलंत, त्याची तिकडच्या जुन्या माणसांना अजून आठवण आहे. तुमच्या नावावर लोक थुंकले, नाना, आणि हे मी अगदी चांगल्या अर्थानं लिहिते आहे. तेव्हा स्वतःच्या हुशारीवर मी भलतीच खूश होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे कळायला मला चार वर्षं लागली.

दीड वर्षात सांगतो म्हणालो होतो. निष्कर्ष इंग्रजीत छापून आले, संस्थेतल्या आमच्या मोठ्या साहेबांचा सत्कार झाला, आणि गावाचा विषय निघाला की साहेब म्हणायचे, ‘मॅडम, पेपर सगळ्यांना खुला आहे. कुणीही वाचू शकतं.’ कुणीही! उंटावरून शेळ्या हाकायला या माणसाला कुणी शिकवायला नको. मी पत्रं पाठवली, फोन केले, एकदा पुण्याला जाऊन त्यांच्या दाराबाहेर पाऊण तास बसले. दरम्यान गावातून मला फोन यायचे, ‘ताई, वही आली का?’ मी म्हणायचे, येतेय. शेवटी गाडी हलली ती माझ्या पत्रांमुळे नव्हे. पुढच्या टप्प्यात त्याच लोकांचे आणखी नमुने हवे होते, आणि आधीचं लोकांना सांगितल्याचा पुरावा असल्याशिवाय परवानगी मिळेना. तेव्हा साहेबांना एकदम लोक आठवले.

इंदिरानगरच्या फ्लॅटमधली एक दुपार या दिवसांत मला सारखी आठवते. आई माहेरी गेली आहे. तुम्ही स्वयंपाकघरात खाली बसून मटार सोलता आहात आणि मी ओट्याला टेकून तुम्हाला माझा एम.एस्सी.चा अभ्यास सांगते आहे. आईकडून मुलांकडे येणारा एक धागा असतो, तो मुलींमधून पुढे जात राहतो, आणि मागे मागे जात राहिलं तर जगातल्या सगळ्या माणसांचे ते धागे फार पूर्वीच्या आफ्रिकेतल्या एका बाईपाशी येऊन मिळतात, असं मी मोठ्या उत्साहात सांगते. तुम्ही शांतपणे ऐकून घेता. मग विचारता, ‘किती पिढ्या मागे?’ मी म्हणते, ‘हजारो.’ ‘बरं. नाव काय तिचं?’ ‘नाना, नाव कसं कळणार?’ तुम्ही एक किडका दाणा बाजूला टाकता आणि म्हणता, ‘नाव नाही, गाव नाही, मग ती आपली कोण? नाव असेल तर पूर्वज. नाहीतर नुसती गर्दी.’

मी इतकी संतापले की शेंगांची परात पायानं सरकवली. म्हणाले, ‘तुमच्या वहीत आपल्या घरच्या पानावर माझं नाव कुठाय? मीही गर्दीच का?’ तुम्ही म्हणालात, मुलींची नोंद सासरच्या वहीत होते. पुढे मी लग्नच केलं नाही, तेव्हा तुमच्या शास्त्राप्रमाणे मी कुठेच नाही. तुमच्यामागे वह्या चुलतदादाकडे गेल्या. तो हल्ली पानांचे फोटो मोबाइलवर पाठवतो, आणि माणसं नाशिकला न येताच पणज्याचं दर्शन घेतात. तुम्ही असतात तर त्याला फोडून काढलं असतंत. मला मात्र वह्यांना हात लावायला त्यानं कधी बोलावलं नाही, आणि मीही मागितलं नाही. मागायला हवं होतं, असं आता वाटतं.

आणि तुमचा तो कोरडेपणा! मी दहा वर्षांची असेन, पंचवटीतल्या त्या दोन खोल्यांत आपण राहत होतो. येवल्याकडचा एक माणूस आला होता. त्याचा धाकटा भाऊ घर सोडून गेलेला. त्यांची आई वारल्यावर भावानं नाशिकला येऊन तिचं काही केलं असेल तर त्याची सही वहीत असेल, तो जिवंत आहे एवढं तरी कळेल, म्हणून बिचारा आशेनं आलेला. तुम्ही सकाळपासून दिवेलागणीपर्यंत वह्या चाळल्यात, जेवलाही नाहीत. मग चष्मा काढून म्हणालात, ‘नाही.’ एवढंच. आईनं त्याला चहा दिला, तो तसाच राहिला. तो गेल्यावर मी तुम्हाला विचारलं, आहे म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं? तुम्ही म्हणालात, ‘नाही ते नाही.’ त्या दिवशी मला तुमचा तिटकारा आला होता. दिवसभर उपाशी राहून पानं चाळणारे तुम्ही आणि दोन गोड शब्द न सांगणारे तुम्ही, हे एकच कसे असू शकतात, हे मला तेव्हा कळलं नाही. अजूनही कळलंय असं म्हणवत नाही.

तर कालचं. लग्नाची तिथी नव्हती म्हणून सटाण्यातलं एक मंगल कार्यालय मिळालं. गावाची माणसं दोन टेम्पो भरून आली, मालेगावहून मोहल्ल्यातले दहा-बारा जण आले. साहेब तासभर उशिरा पोचले आणि अर्धा तास बोलले. त्यात क्रियापदं तेवढी मराठी होती. मग माइक माझ्या हातात देऊन म्हणाले, ‘आता मॅडम तुम्हाला सोपं करून सांगतील,’ आणि खुर्चीत बसून मोबाइल बघू लागले. व्यासपीठावर मी भला मोठा फ्लेक्स लावून घेतला होता. त्यावर ठिपकेच ठिपके. एक ठिपका म्हणजे एक माणूस. गावाचे जांभळे, मोहल्ल्याचे पिवळे, आणि ज्यांचा मजकूर जास्त जुळतो ते ठिपके जवळ जवळ. जांभळे आणि पिवळे चांगलेच एकमेकांत घुसलेले होते. मी सगळं सांगितलं. आफ्रिका सांगितली, वाटा सांगितल्या, सगळे सगळ्यांत मिसळलेले आहेत हे सांगितलं.

पहिला प्रश्न एका तरुणाचा. ‘मॅडम, ह्या रिपोर्टचा जात पडताळणीला काही उपयोग व्हईल का?’ मी कपाळाला हात लावला. सरपंचांनी विचारलं, ‘म्हंजे आमचं कुलदैवत बी आफ्रिकेतलंच का?’ सगळे हसले, तेही हसले, पण उत्तर मिळाल्याशिवाय खाली बसले नाहीत. मालेगावचे एक वयस्कर यंत्रमागवाले उठले. ‘मॅडम, हमारे दादा बोलते थे अपन लोग उत्तर से पैदल चल के आए. ये सच है के झूठ?’ मी म्हटलं, खरं असेल, पण त्याच्याही मागे गेलं की तुमचे आणि यांचे पुष्कळसे पूर्वज एकच निघतात. ते फ्लेक्सजवळ गेले, चष्मा सारखा करून बराच वेळ बघत राहिले आणि वळून शेतकऱ्यांना म्हणाले, ‘देखो, अपन तो पडोसी निकले. अब कांदा जरा सस्ता देना.’ सगळं कार्यालय हसलं. तेवढी दोन मिनिटं मला वाटलं, चार वर्षांचं चीज झालं.

मग मागून कुणीतरी म्हणालं, ‘ते बठ्ठं ठीक शे. नावं कोठे शेत?’

मी म्हटलं, नावं नसतात. प्रत्येकाला एक नंबर दिलेला असतो, नावांची यादी संस्थेत कुलपात असते, ती मलाही बघता येत नाही. तुमचीच माहिती कुणी गैर वापरू नये म्हणून हा नियम आहे, आणि हे संमतीच्या कागदात होतं, मी मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. खरंच दाखवलं होतं, नाना. पण त्याच तोंडानं वही म्हणाले होते, आणि लोकांनी वही तेवढी लक्षात ठेवली. ‘नाव नही ते वही कशानी?’ एकजण म्हणाला, आणि माना डोलल्या. नाशिकला गेलेला माणूस आधी पणज्याची सही बघतो आणि मग त्याच पानावर खाली स्वतःचं, पोरांचं नाव घालून सही करतो. तसं केल्याशिवाय वही पुरी होत नाही, हे त्यांना तुम्ही शिकवलंत. त्यांच्या मते आम्ही पणजे तेवढे बघून घेतले आणि त्यांना सही न करू देताच वही मिटली. पुढच्या टप्प्याला आम्ही काही देणार नाही, असं दोघातिघांनी बोलूनही दाखवलं. साहेब घड्याळ बघत माझ्या कानात पुटपुटले, ‘गाढवापुढे वाचली गीता.’ त्यांना तिथेच चार शब्द सुनावावेत असं वाटलं. सुनावले नाहीत.

तेवढ्यात एक म्हातारी खुर्च्यांना धरत धरत पुढे आली. नमुने घेतले तेव्हा तिनं आणि तिच्या मुलानं एकाच दिवशी दिले होते. पुढच्या वर्षी तो मुलगा कांद्याची पिकअप घेऊन जाताना महामार्गावर अपघातात गेला. मला तिनं हे तिथेच सांगितलं तेव्हा मी मान हलवली, पण त्याचा चेहरा मला आठवत नव्हता. फ्लेक्सकडे बोट करून ती म्हणाली, ‘मना आंडोर कोठे शे? माले दखाड.’ तिचा मुलगा यातला कुठला हे दाखवता येत नाही, हा नियम मी तिला सांगितला. तिनं नीट ऐकला. मी पुन्हा, आणखी सोपा करून सांगितला. मग मी विचारलं, आजी, तुम्ही त्याच्या अस्थी नाशिकला नेल्या असतील, तिथल्या वहीत त्याचं नाव घातलं असेल ना? ती म्हणाली, ‘तठे तो गया म्हनीसन लिखेल शे. तुनी वहीमा तो जित्ता शे.’

तिथे तो गेला म्हणून लिहिलाय, तुझ्या वहीत तो जिवंत आहे. यावर काय बोलायचं असतं ते सांगा मला. संस्थेच्या कुठल्या पत्रकात याचं उत्तर आहे? तुमच्या कुठल्या पोथीत आहे? सगळं कार्यालय माझ्याकडे बघत होतं. मला तिचा राग आला, साहेबांचा आला, तुमचा तर फारच आला. आणि मी हात वर करून एका जांभळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. म्हणाले, ‘हा.’

तिनं त्या ठिपक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग विचारलं, ‘आनि मी?’ मी त्याच्या शेजारचा ठिपका दाखवला. ‘जोडेच शे,’ ती म्हणाली, आणि मागच्या बायकांना हाक मारून दाखवू लागली. बायका उठून आल्या. कुणी रडलं नाही. एकीनं पदरानं फ्लेक्सवरची धूळ पुसली. साहेब दुसऱ्या टोकाला पत्रकाराशी बोलत होते, त्यांनी यातलं काही पाहिलं नाही.

आता ऐका. तो ठिपका कुणाचा होता, मला माहीत नाही. पण एक गोष्ट मला पक्की माहीत आहे, आणि ती तेव्हाही माहीत होती. आई आणि मुलगा अशा दोघांचे नमुने आले तर चित्रात एकाचाच ठिपका ठेवतात, कारण इतक्या जवळच्या दोघांना घेतलं की हिशेब बिघडतो. म्हणजे त्या फ्लेक्सवर एकतर ती नव्हती, नाहीतर तो नव्हता. शेजारी शेजारी ते दोघं असणं शक्यच नव्हतं.

नंतर पुढच्या टप्प्याचे संमतीचे कागद टेबलावर ठेवले. पहिला अंगठा तिचा. तिच्यामागे रांग लागली, तासापूर्वी नाही म्हणणारेही रांगेत होते. मी प्रत्येकाला नियम वाचून दाखवला, ‘नाव दिसणार नाही’ हे मोठ्यानं वाचलं, आणि प्रत्येकानं समजूतदारपणे मान हलवली. लोकांसाठी नाव दिसत नाही, पण आपल्या मॅडमला विचारलं तर त्या दाखवतात, असं त्यांना वाटतंय, हे मला समोर दिसत होतं. मी पुढचा कागद ओढत राहिले. परतीच्या वाटेवर गाडीत साहेब म्हणाले, ‘लोकांपर्यंत विज्ञान न्यावं तर मॅडम तुम्ही.’ मी थँक्यू म्हटलं.

संस्थेला हे कळवायला हवं आणि त्या सह्या रद्द करून घ्यायला हव्यात. त्याआधी गावात जाऊन तिला सांगायला हवं. आज दिवसभर दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. उद्याही ठेवीन, असं दिसतंय. आणि जे केलं त्याचा पुरता पश्चात्तापही होत नाही, याची मला जास्त भीती वाटते. तुम्हाला पत्र पाठवायला पत्ता नाही, हे एका परीनं बरंच आहे. पत्ता असता तर पाकीट चिकटवण्याआधी हे शेवटचं पान मी काढून ठेवलं असतं.